रायरेश्वर ते हिंजवडी : एका अपक्ष प्रचाराबरोबर

भोर विधानसभा मतदारसंघात तीन अख्खे तालुके येतात : भोर, वेल्हे आणि मुळशी. वेल्ह्याचं नाव आता राजगड झालं आहे, पण एसटीत आणि बाजारात अजून वेल्हेच म्हणतात, मीही तेच लिहिते. दक्षिणेला रायरेश्वराचं पठार, पश्चिमेला वरंधा, मढे आणि ताम्हिणी हे कोकणात उतरणारे घाट, आणि उत्तरेच्या टोकाला हिंजवडीचं आयटी पार्क. मतदार चार लाखांच्या वर, मतदान केंद्रं पाचशेच्या वर. २००८ च्या पुनर्रचनेआधी मुळशी हा वेगळा मतदारसंघ होता. ती पुनर्रचना झाली २००१ च्या जनगणनेवर. त्यानंतर हिंजवडी-माणच्या शेतांत मजल्यांवर मजले चढले, डोंगरातल्या वाड्यांची दारं एकेक करून बंद झाली, मतदारसंघाच्या रेषा मात्र आहेत तिथेच आहेत.

२०२४ च्या नोव्हेंबरात मी या मतदारसंघात एका अपक्ष उमेदवाराबरोबर फिरले. वेल्ह्याकडच्या एका लहान गावच्या त्या माजी सरपंच. सगळे त्यांना ताई म्हणतात. त्यांचं नाव आणि चिन्ह इथे लिहीत नाही. त्यांना गावात राहायचंय, भात करायचंय आणि गिरणी चालवायचीय. निकाल सगळ्यांना ठाऊक आहे : शंकर मांडेकर निवडून आले, तीन वेळचे आमदार संग्राम थोपटे हरले. ताईंची अनामत जप्त झाली. एकूण वैध मतांच्या एक षष्ठांश मतं मिळाली नाहीत की ते दहा हजार परत मिळत नाहीत. तरीही हा प्रवास लिहायलाच हवा असं मला वाटतं, कारण आमदारकी म्हणजे किती जमीन आणि किती प्रकारची माणसं असतात, ते मला या दिवसांत कळलं.

गुरुवार, ७ नोव्हेंबर : नसरापूर, भोर

सकाळी चेलाडी फाट्यावर भेटलो. गाडी एकच, ताईंच्या भावाची बोलेरो. टपावर भोंगा, पुढच्या काचेवर परवानगीचा मूळ कागद चिकटवलेला; तिथे झेरॉक्स चालत नाही. बरोबर ताईंची जाऊ, दोन पुतणे आणि बचत गटातल्या तिघी जणी. पत्रकांचे गठ्ठे मागच्या सीटखाली.

माझं काम वहीचं. उमेदवाराला अर्ज भरतानाच खर्चाची वही मिळते. पांढरी पानं रोजच्या खर्चाची, गुलाबी रोखीची, पिवळी बँकेची. निवडणुकीसाठी वेगळं बँक खातं उघडावं लागतं. विधानसभेला खर्चाची मर्यादा ४० लाख रुपये. ताईंच्या खात्यात त्याचा दहावा हिस्साही नव्हता. चहा, वडापाव, खुर्ची, मांडव, झेंडा, सगळ्याचे दर जिल्ह्याच्या दरपत्रकात ठरलेले असतात आणि कार्यकर्त्यांना पाजलेला प्रत्येक चहा वहीत चढवावा लागतो. मी वर्षभर पुण्यात लोकांचे हिशेब लिहिते, पण इतक्या बारीक नजरेने लिहिलेली वही मी पाहिली नव्हती. हा नियम मला मनापासून आवडला. ज्याच्याकडे पैसा नाही त्याच्या बाजूने उभी राहणारी निवडणुकीतली एखादीच गोष्ट असेल, तर ती ही वही.

नियमांतली दुसरी गोष्ट मात्र उलटी. अपक्षाला चिन्ह मिळतं ते माघारीची मुदत संपल्यावर. या निवडणुकीत ती ४ नोव्हेंबरला दुपारी संपली. प्रचार १८ च्या संध्याकाळी थांबणार. पक्षाच्या उमेदवाराचं चिन्ह लोकांना आधीपासून पाठ असतं, अपक्षाला मात्र नाव, चेहरा आणि चिन्ह या तिन्हींची ओळख दोन आठवड्यांत करून द्यायची. त्यातही अर्ज भरताना मान्यताप्राप्त पक्षाच्या माणसाला नाव सुचवणारा एक सूचक पुरतो, अपक्षाला दहा लागतात. ताईंना चिन्ह मिळालं ते स्वयंपाकघरातलं एक भांडं. त्यांनी घरातलंच ते भांडं घासूनपुसून गाडीत ठेवलं होतं. जिथे उतरतील तिथे ते हातात.

कापूरहोळवरून आत वळलो. उजव्या हाताला वेळवंडीवरचं भाटघर धरण. भरलेलं होतं, नोव्हेंबरचं निळं पाणी. इंग्रजांनी बांधलेल्या या धरणाचं पाणी नीरेच्या कालव्यांनी बारामती, इंदापूर, फलटण, माळशिरसच्या उसाला जातं. ताईंचा भाऊ गाडी चालवता चालवता एकच वाक्य बोलला, "आपल्या तीन तालुक्यात धरणं किती, मोजा." भाटघर, नीरा-देवघर, गुंजवणी, पानशेत, वरसगाव, टेमघर, मुळशी. मी मोजत गेले आणि पुढे रोज त्यांतलं एखादं दिसत गेलं.

भोरच्या बाजारपेठेत पदयात्रा काढली. पदयात्रा म्हणजे आम्ही आठ-नऊ जण. पंतसचिवांच्या संस्थानाचं हे गाव, १९४८ ला विलीन झालं. राजवाडा अजून आहे, पेठ अजून अरुंद आहे. इथलं राजकारण दोन पिढ्या थोपटे घराण्याभोवती फिरलेलं. किराणा दुकानदारांनी पत्रक घेतलं, नीट घडी घालून गल्ल्याखाली ठेवलं, ताईंना बसायला खुर्ची दिली. "ताई, उभं राहिलात हे चांगलं केलंत," एवढंच म्हणाले. मत देतो असं कुणी म्हणालं नाही. ताईंना तेही चालत होतं. गाडीत बसल्यावर म्हणाल्या, "तोंडावर हो म्हणणाऱ्यापेक्षा हा बरा. याने आपल्याला फसवलं नाही."

शुक्रवार, ८ नोव्हेंबर : आंबवडे, कोर्ले, रायरेश्वर

या दिवशी गाडीतल्या दोघांचं आणि ताईंचं वाजलं. रायरेश्वराच्या पठारावर मतदार दीडशेच्या आसपास. तेवढ्यासाठी अख्खा दिवस घालवायचा का? त्या वेळात भोर शहरातले दोन प्रभाग झाले असते. पुतण्यांचं गणित चुकीचं नव्हतं. ताई म्हणाल्या, "मे महिन्यात लोकसभेला तिथे मशीन गेलं होतं ना? मग मी पण जाणार."

आंबवड्याला झुलत्या पुलाजवळ थांबून पत्रकं वाटली आणि कोर्ल्याच्या बाजूने वर निघालो. खिंडीपर्यंत गाडी जाते. तिथून पायऱ्या, मग कड्याला लावलेली लोखंडी शिडी. बचत गटातल्या एकीला उंचीची भीती, ती खालीच थांबली. बाकीच्यांनी पत्रकं पिशव्यांत भरून पाठीला बांधली. शिडीचे बार थंडगार होते. वर पोचलो आणि एकदम सपाट, उघडा माळ. वारा असा की भोंग्याची गरज नव्हती आणि उपयोगही नव्हता.

शिवरायांनी १६४५ मध्ये स्वराज्याची शपथ घेतली ती इथे, असं मानतात. शनिवार-रविवारी ट्रेकर मंडळी येतात, रायरेश्वराचं देऊळ बघतात, सात रंगांची माती बघतात, इथल्या घरांत पिठलं-भाकरी खातात आणि उतरतात. ज्यांच्या घरी ते जेवतात ती जंगमांची घरं पिढ्यान् पिढ्या वरच राहतात. आम्ही पोचलो तेव्हा बाया नाचणी झोडत होत्या. काम थांबवायला लावायचं नाही हा ताईंचा नियम होता, म्हणून त्याच एका बाजूला बसल्या, हातात दांडकं घेतलं आणि झोडता झोडता बोलू लागल्या. मी एवढ्या प्रचारसभा पाहिल्या, असं बोलणं पाहिलं नाही. अर्धा तास गावात आजारी कोण, कुणाची सून बाळंत, पावसाळ्यात किती दिवस खाली उतरता आलं नाही, हेच. चिन्हाचा विषय शेवटी निघाला.

डमी मतपत्रिका उलगडून ताईंनी आपला क्रमांक दाखवला. एक म्हातारी डोळे बारीक करून बघत होती. मग तिने विचारलं, "मशीन वर येतं. पोलीस वर येतो. शाळामास्तर पेट्या घेऊन वर येतो. मग डाक्टर का येत न्हाय?"

ताई गप्प झाल्या. उत्तर द्यायचं म्हणून दिलं नाही. म्हणाल्या, "आज्जी, हे मी लिहून घेते." आणि खरंच माझ्याकडून पेन घेऊन पत्रकाच्या पाठीवर लिहून घेतलं.

उतरताना मी त्या प्रश्नाचाच विचार करत होते. कुठलाही मतदार केंद्रापासून फार लांब राहू नये, म्हणून निवडणूक आयोग डोंगरावर माणसं आणि यंत्रं चढवतो. लोकसभेला याच तालुक्यातल्या बुरुडमाळला ४१ मतदारांसाठी केंद्र होतं. देशाला याचा अभिमान वाटतो आणि वाटावाच. पण ज्या यंत्रणेला एका दिवसासाठी शिडी चढता येते, तिला महिन्यातून एकदा औषधांची पेटी घेऊन चढता येणारच नाही, हे मला कुणी पटवू शकणार नाही.

शनिवार, ९ नोव्हेंबर : विंझर, वेल्हे, केळद

ताईंचा स्वतःचा पट्टा. नसरापूरवरून मार्गासनी, विंझर करत वेल्ह्याकडे. डावीकडे राजगड, समोर तोरणा. भाताची कापणी उरकत आलेली, खळ्यांवर झोडणी चाललेली, इंद्रायणीचा वास रस्त्यापर्यंत. इथे ताईंना ओळख सांगावी लागत नव्हती. दर वळणावर गाडी थांबायची, औक्षण व्हायचं, कुणी ओंजळभर नवे पोहे पदरात घालायचं. माझी मात्र पंचाईत : भेट मिळालेले पोहे वहीत कुठे लिहायचे? शेवटी लिहिले नाहीत.

वेल्ह्याच्या पुढे केळदपर्यंत गेलो. त्याच्या पलीकडे मढे घाट आणि खाली कोकण. इथे पन्नास-साठ बाया शाळेच्या पटांगणाबाहेर जमल्या. पहिलाच प्रश्न आला तो लाडक्या बहिणीचा. जुलैपासूनचे महिन्याला दीड हजार खात्यात येत होते. सरकारवाले एकवीसशे देऊ म्हणत होते, विरोधक तीन हजार. एका तरुण सुनेने उभं राहून विचारलं, "ताई, तुमाला मत दिलं तर पैसं बंद तर न्हाय व्हणार?"

हा प्रश्न पुढे प्रत्येक गावात आला. ताईंनी सगळीकडे एकच उत्तर दिलं : योजना सरकारची आहे, मी एकटी ती बंदही करू शकत नाही आणि वाढवूही शकत नाही, विधानसभेत २८८ जण असतात, मी त्यातली एक असेन. कार्यकर्त्यांना हे आवडलं नाही. "वाढवून देते म्हणा, जातंय काय?" ताईंनी ऐकलं नाही. मला वाटतं, या उत्तराने त्यांची मतं कमी झाली असतील. आणि त्यांनी ते उत्तर बदलायला नको होतं, हेही मला तेवढंच ठामपणे वाटतं. दीड हजार रुपये केळदमधल्या बाईला काय असतात ते त्या सुनेने पुढे सांगितलं : वेल्ह्याला जायचं जीपभाडं नवऱ्याकडे न मागता देता येतं. ज्यांना ही योजना नुसती खैरात वाटते, त्यांनी केळदला येऊन हे एकदा ऐकावं.

शेवटी तीच सून ताईंच्या मागे मागे गाडीपर्यंत आली. बूथवर एजंट म्हणून बसायला काय लागतं, तिने विचारलं. तिचं नाव आणि यादीतला भाग क्रमांक मी लिहून घेतला.

रविवार, १० नोव्हेंबर : कात्रज, धनकवडी, धायरी

हा दिवस मतदारसंघाबाहेर गेला आणि सगळ्यात जास्त मतदार याच दिवशी भेटले.

आदल्या रात्री ताईंच्या घरी आम्ही याद्या घेऊन बसलो होतो. ताईंच्या जाऊबाई प्रत्येक नावापुढे पेन्सिलने खूण करत होत्या : गावात, पुण्यात, मुंबईत, वारले. एका वाडीच्या यादीत "पुण्यात" एवढे झाले की त्यांनी खुणा करायचं सोडून गावात असणाऱ्यांच्या नावांभोवती गोल काढले; ते काम कमी होतं. डोंगरातल्या कितीतरी कुटुंबांचं असंच आहे. घर गावाला, देव गावाला, मत गावाला. राहणं कात्रजच्या डोंगरउताराला, धनकवडीत, धायरीत, वारज्यात, दोन खोल्यांत. कुणी मार्केट यार्डात हमाल, कुणी रिक्षा चालवतो, कुणी शिरवळच्या कंपनीत पाळीला. दिवाळीत गावी जाऊन नुकतेच परत आलेले, आणि आता २० तारखेला, बुधवारी, पुन्हा जायचं.

रविवार म्हणून माणसं घरी. धायरीत एका इमारतीच्या गच्चीवर "पुणेकर ग्रामस्थ" जमले होते, चार-पाच गावांचे. सतरंज्या, प्लास्टिकच्या खुर्च्या, स्टीलच्या पेल्यात चहा. तिथून खाली सगळं पुणं दिसतं. बोलण्यात निवडणुकीपेक्षा एसटीच जास्त. वेल्ह्याच्या पुढे संध्याकाळी गाडी नाही, मग सुट्टी न घेता मतदान करून परत कसं यायचं? मोठ्या उमेदवारांची माणसं गाड्या करून नेतात हे सगळ्यांना माहीत. मतदारांना असं वाहून नेणं कायद्याने भ्रष्ट आचरण आहे. ताई म्हणाल्या, "मी गाडी पाठवणार नाही. मला परवडतही नाही आणि ते बरोबरही नाही. त्या दिवशी भरपगारी सुट्टी द्यायची असते, मालकाला विचारा." मागून एक जण म्हणाला, "आमचा मालक सुट्टी देतो, पण मग रविवारी बोलावतो."

एक वयस्कर गृहस्थ, सगळे त्यांना बापू म्हणत होते, पानशेत बॅकवॉटरकडचे. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं आणि पुणं बुडालं, ते पुणेकर अजून सांगतात. बापू म्हणाले, "पुणं बुडालं त्याची आठवण काढतात. आमचं गाव धरणात गेलं त्याची कोण काढतंय? पाणी इथं आलं, मागनं आम्ही बी इथंच आलो."

या प्रवासातलं सगळ्यात खरं वाक्य मला हेच वाटतं. पानशेत, वरसगाव, टेमघरचं पाणी पुण्याला आलं, भाटघरचं बारामतीकडे गेलं, आणि त्या खोऱ्यांतली माणसंही पाण्यामागून उतरली. मत तेवढं वर राहिलं. त्या मतासाठी दर पाच वर्षांनी कुणीतरी गच्चीवर येतं. माणसाचं मत तो राहतो तिथे असावं, असं पुस्तकात सोपं वाटतं, आणि कायद्यातही तसंच आहे. पण गच्चीवरच्या त्या लोकांपैकी एकालाही आपलं नाव गावच्या यादीतून काढायचं नव्हतं. "नाव काढलं की जमीनबी आपली न्हाय असं वाटतं," एक बाई म्हणाल्या. मला यावर तोडगा सुचत नाही, पण त्यांना दुबार मतदार, बोगस मतदार म्हणून जे ओरडतात त्यांचा राग येतो.

मंगळवार, १२ नोव्हेंबर : पौड, मुळशी, ताम्हिणी

मतदारसंघाच्या एका भागातून दुसऱ्या भागात जायचं, तर रोजच्या रस्त्याने मतदारसंघ सोडून बाहेर पडावं लागतं. पानशेतच्या बाजूने खडकवासला, एनडीए, चांदणी चौक, आणि मग भूगाववरून पुन्हा आत. भोरच्या माणसाला मुळशी परकी आणि मुळशीच्या माणसाला भोर परकं वाटतं ते का, हे त्या रस्त्यावर कळतं. पौडला तर लोक सरळ विचारत होते, "उमेदवार आपल्या तालुक्यातला आहे का?" ताई वेल्ह्याच्या. चेहरे पडत होते.

कार्तिकी एकादशी होती. ताम्हिणीकडच्या एका गावात देवळात भजन चाललं होतं आणि सगळं गाव आत. पुतण्या म्हणाला, आत जाऊन दोन शब्द बोलू. धर्मस्थळाचा प्रचारासाठी वापर आचारसंहितेत बसत नाही. ताई बाहेर पारावर बसून राहिल्या, भजन संपेपर्यंत. मंडळी बाहेर आली तेव्हा त्यांनी आधी पाया पडून प्रसाद घेतला, मग पत्रक दिलं. दीड तास गेला. त्यांनी घड्याळाकडे बघितलंही नाही.

मुळशी धरणाच्या काठाने जाताना गाडी थांबवायला मीच सांगितलं. इथे १९२१ च्या रामनवमीला सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मुळशी सत्याग्रह सुरू झाला. टाटांच्या वीजप्रकल्पासाठी बुडणाऱ्या गावांचे मावळे, बायका-पोरांसकट, बांधकामावर जाऊन बसले. तीन वर्षं झगडले, तुरुंगात गेले. धरण झालंच. त्याचं पाणी घाटाखाली भिऱ्याच्या वीजघरात उतरतं. काठावरच्या गावात आम्ही पोचलो तेव्हा एक वहिनी दोन हंडे घेऊन चढ चढत होत्या. उन्हाळ्यात काय करता, विचारलं. "ह्याच्याहून लांब जातो," एवढंच बोलून त्या पुढे गेल्या. मागे अथांग पाणी होतं.

मला इथे भाषण ठोकावंसं वाटलं. ताई शांत होत्या. त्यांनी वाडीतल्या पाच घरांत जाऊन नळयोजनेचं काय झालं ते विचारलं : टाकी बांधली, पाइप टाकले, पंप बसला, वीजजोडणी नाही. सरपंचकी केलेल्या बाईला हे नेमकं कुठे अडतं ते ठाऊक. कुठल्या कार्यालयात कुठला अर्ज, ते त्यांनी तिथल्या पोरांना लिहून दिलं. मत मागायचं विसरल्या. मी आठवण केली तेव्हा हसल्या, म्हणाल्या, "कळलं असेल त्यांना."

बुधवार, १३ नोव्हेंबर : हिंजवडी, माण, मारुंजी

दिवसभर कुणी भेटणार नाही म्हणून संध्याकाळी गेलो. पुणे मेट्रोच्या तिसऱ्या मार्गाचे खांब, त्यांच्याखाली गाड्यांची रांग; दोन किलोमीटरला पाऊण तास. रायरेश्वराची शिडी यापेक्षा लवकर चढलो होतो.

सोसायटीच्या फाटकावर पहारेकऱ्याने अडवलं. समितीच्या परवानगीशिवाय प्रचार नाही. परवानगी मिळाली तीन सोसायट्यांत, आणि तीही दहा मिनिटं, क्लबहाऊसमध्ये. एका ठिकाणी वीसेक माणसं आली, बरीचशी कुतूहलाने. निम्म्या जणांचं मत नागपूर, इंदूर, पाटण्याला. उरलेल्यांतल्या काहींना आपण "भोर" मतदारसंघात आहोत हेच त्या दिवशी कळलं. भोर कुठे आहे, एका तरुण मुलाने फोनवर शोधलं.

पण प्रश्न विचारले ते चोख. टँकरचं पाणी किती वर्षं विकत घ्यायचं? कचरा कुणी उचलायचा, ग्रामपंचायत की एमआयडीसी? रस्ता नक्की कुणाच्या ताब्यात? इथे ताईंचं सरपंचपद कामाला आलं. वीस हजारांची वस्ती आणि ग्रामपंचायतीचं मनुष्यबळ गावाचं, यातली ओढाताण त्यांनी सोप्या शब्दांत मांडली. मग म्हणाल्या, "तुमच्या मतदारसंघात सात धरणं आहेत. तुम्ही टँकर विकत घेता. माझ्याकडच्या बायका हंडे वाहतात. दोघींचं भांडण एकच आहे, फक्त तुमची ओळख झालेली नाही." आणि त्यांनी रायरेश्वरावरच्या आजींचा प्रश्न सांगितला, पत्रकाच्या पाठीवरून वाचून.

खोलीत टाळ्या वाजल्या नाहीत. एका बाईंनी विचारलं, तिथे डॉक्टर म्हणून महिन्यातून एकदा जायचं असेल तर कुणाशी बोलायचं; त्या स्वतः बालरोगतज्ज्ञ होत्या. ताईंनी नंबर घेतला. पुतण्याने गाडीत विचारलं, त्यांचं मत इथे आहे का? "विचारलं नाही," ताई म्हणाल्या.

गुरुवार, १४ ते रविवार, १७ नोव्हेंबर

खर्चाची वही तपासायला घेऊन भोरला गेले. प्रचारकाळात ती तीनदा दाखवावी लागते आणि खर्च तपासणाऱ्यांकडे आपल्या खर्चावर नजर ठेवून लिहिलेली वेगळी नोंदवही असते. दोन्हींचा मेळ बसला. माझ्या पुढे उभ्या असलेल्या एका मोठ्या उमेदवाराच्या माणसाकडे फाइलींची ट्रॉली होती.

बाकी दिवस नसरापूर, शिरगाव, पिरंगुट, घोटावडे असे पळापळीत गेले. मोठ्या सभा, मोठे नेते, रस्त्यावर रांगेने उभ्या गाड्या. आमच्या कोपरा सभेला माणसं कमी होत गेली. बचत गटातल्या एकीच्या घरून फोन आले, भाताची मळणी राहिली आहे, ती परत गेली. कुणीच तिला थांबवलं नाही. महामार्गावर नाकं लावून बसलेल्या निवडणुकीच्या स्थिर पथकाने गाडी दोनदा तपासली. पत्रकं, भांडं, पाण्याच्या बाटल्या आणि ताईंच्या जावेची गुडघ्याची औषधं.

सोमवार, १८ नोव्हेंबर : वेल्हे

शेवटचा दिवस ताईंनी गावात ठेवला. संध्याकाळी प्रचार थांबला, भावाने भोंगा उतरवला आणि आम्ही ताईंच्या ओसरीवर पोलिंग एजंटांची यादी घेऊन बसलो. पाचशेच्या वर केंद्रं; आमच्याकडे माणसं मिळाली होती त्यातल्या थोड्याच केंद्रांवर, बहुतेक वेल्ह्यातली, भोरची काही, मुळशीची बोटावर मोजण्याएवढी, हिंजवडीत एकही नाही. रायरेश्वरावर नाचणी झोडणाऱ्यांपैकी एकीचा मुलगा तयार झाला होता. प्रत्येकाचा नेमणुकीचा फॉर्म, ताईंची सही, फोटो, भाग क्रमांक. रात्री अकरापर्यंत तेच.

केळदच्या त्या सुनेचा फोन आला. सासूबाईंनी परवानगी दिली होती, नवरा धायरीहून मंगळवारी रात्री येणार होता, पोरगी त्याच्याकडे राहील. मतदान सातला सुरू होतं, मग घरून किती वाजता निघू, असं विचारत होती.

"सातला नाही," ताई म्हणाल्या. "त्याआधी दीड तास मॉक पोल असतो, तुझ्यासमोर मशीन तपासायचं. पाचला केंद्रावर ये, शाल घेऊन ये, डबा घेऊन ये. आणि संध्याकाळी किती मतं पडली त्याचा सतरा-सीचा कागद देतात, सहीशिक्क्यासकट. तो हातात मिळाल्याशिवाय खुर्चीवरून उठायचं नाही."